लाल ढगामागचा काळा रस्ता

"वळली! आजोबा, आई उलटी वळली!" केतकी किंचाळलीच.

भिंतीवर तिच्या आईच्या विमानातल्या हवामान-रडारचं चित्र उमटलं होतं. वैमानिकांच्या घरच्यांना ते घरबसल्या पाहता यायला लागलं, तेव्हापासून केतकीनं ती भिंत काही सोडली नव्हती. आज तर तिला घास गोड लागत नव्हता. आई कोलकात्याहून नागपूरला येणार, दुपारभर घरी थांबणार आणि संध्याकाळी नैरोबीला जाणार, ती थेट सहा महिन्यांसाठी! ही एक दुपार काय ती केतकीच्या वाट्याची. आणि नेमकं आजच विमान रायपूरकडे परत फिरलं होतं.

"एवढासा तर लाल पट्टा!" तिनं बोटांनी जाडी दाखवली. "त्याच्यामागे नागपूरपर्यंत सगळं काळं. काळं म्हणजे पाऊस नाही, तुम्हीच सांगितलंत ना? सुरकन पार झाली असती. तिला यायचंच नाहीये!"

आजोबा, म्हणजे आईचे वडील, जन्मभर विमानांची रडारं दुरुस्त करत आलेले. असलं बोलणं एरवी त्यांनी खपवून घेतलं नसतं. आज मात्र ते मुकाट्यानं उठले आणि त्यांनी पडदे ओढले. टेबलावर त्यांनी पाण्याचा पेला ठेवला, त्यात दुधाचे चार थेंब टाकले, मागे स्टीलचा चमचा उभा केला आणि टॉर्च लावला.

"चमचा दिसतो?"

"दिसतो. चमकतोय."

मग त्यांनी पेला बदलून दुधानं भरलेला ठेवला. दूध पांढरंशुभ्र उजळलं, पण चमचा गायब.

"गेला कुठे?"

"जाईल कुठे? तिथेच आहे," केतकी फणकारली. "उजेड दुधातच अडकला तर त्याच्यापर्यंत पोचणार कसा?" आणि बोलता बोलता तिची जीभ अडखळली.

"आता कसं!" आजोबा म्हणाले. "रडार विमानाच्या नाकातून रेडिओलहरी (उजेडाच्याच जातीच्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) सोडतं. थेंबांवर आदळून त्यातल्या थोड्या परत येतात. कमी आल्या की हिरवं, जास्त आल्या की पिवळं, खूपच आल्या की लाल. काहीच आलं नाही, तर काळं. पण मुसळधार पाऊस लहरी गिळूनही टाकतो. त्याला क्षीणन (वाटेतच लहरींचा जोर ओसरणे) म्हणतात. मागे जायला लहरी उरल्याच नाहीत, तर परत काय येणार, कप्पाळ? मागे गारांचा डोंगर असला तरी चित्र काळंच."

"पण खरंच मोकळं असलं तर? तेही काळंच ना! आईला कसं कळलं?"

"तिनं रडार जरा खाली झुकवलं. जमीनही लहरी परत पाठवते. हे वळण्याआधीचं चित्र बघ, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे हिरवे ठिपके आलेत. आणि मागे?"

केतकी भिंतीला नाक लावून पाहू लागली. मागे एकही ठिपका नव्हता.

"तिथली जमीन काय कोणी पळवून नेली?" आजोबा म्हणाले. "लहरी तिथवर पोचल्याच नाहीत. ती रडारची सावली आहे, बाळा. रस्ता नाही."

केतकीला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. आजोबांनी तिला जवळ घेतलं. त्यांची लेकही तिथेच होती ना, त्या पट्ट्याच्या अलीकडे.

तासाभरानं रायपूरहून आईचा फोन आला.

"रागावलीस, केतू?"

"आधी खूप. आता नाही. जमिनीचे ठिपके नव्हते ना?"

"नव्हते. मागे गारा होत्या, नागपूरच्या रडारनं मागाहून कळवलं. पण तुला खरं सांगू? आधी मलाही ते काळं मोकळंच वाटलं. दोन मिनिटांचे हिसके, की घर! मन इतकं ओढ घेत होतं गं. म्हणून तर दोनदा झुकवून पाहिलं."

"आई, 'काही नाही' आणि 'दिसत नाही' या दोन्हींना एकच रंग का? मी मोठी झाले की दुसऱ्याला जांभळा देणार. सगळ्या विमानांत."

"दे बाई, लवकर दे!" आई हसली, पण तिचा आवाज ओला झाला होता. "आता ढग थोडे सरून, लांबचा वळसा घालून येईपर्यंत संध्याकाळ होईल. घरी नाही येता यायचं. विमानतळावर काचेपलीकडून हात करीन, बस. नाहीतर ढगांत उत्तरेकडे थोडी फट दिसतेय, तिथून लवकर निघता येतं का बघू? अर्धा तास तरी मिळेल तुझ्याजवळ."

अर्धा तास! आईच्या कुशीतला अर्धा तास. केतकीनं डोळे पुसले आणि फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नको. काचेतून तर काचेतून. तू लांबून ये, आई. चांगला मोठा वळसा घालून ये."