उताराची वीज

घाट संपला, सपाटी आली, तरी गाडीच्या पडद्यावर बॅटरीचे दोनच कप्पे हिरवे होते. मिथिलाने पुन्हा मोजले. गगनबावड्याला घाट सुरू झाला तेव्हा तीन होते. गाडी भाड्याने देणारा माणूस तर सकाळी छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "घाट उतरताना बॅटरी आपोआप भरते, ताई. खाली पोचाल तेव्हा आठच्या आठ कप्पे हिरवे." आठ राहिले बाजूला, होते त्यांतलाच एक विझला होता.

"माई, बॅटरी भरलीच नाही," मिथिला म्हणाली.

"गाडी द्यायची असली की माणसं काहीही सांगतात," माई म्हणाली. पण तिचा आवाज उतरलेला होता. सकाळपासून ही गाडी तिला फार आवडली होती.

मिथिला सहावीत होती आणि कोल्हापुरात आपल्या आजीकडे, म्हणजे माईकडे राहत होती. तिचे बाबा जहाजावर होते आणि आई, डॉक्टर वृषाली, घाटाखाली वैभववाडीच्या एका दवाखान्यात काम करायची. दर शनिवारी शाळा सुटली की माई मिथिलाला गाडीत घालून घाट उतरायची आणि रविवारी संध्याकाळी परत आणायची. गेली तीन वर्षे असा एकही शनिवार चुकला नव्हता. पण मागच्या महिन्यात माईच्या बावीस वर्षांच्या जुन्या गाडीचे ब्रेक घाटात दोनदा तापले आणि आईने फोनवर बजावले, "ती गाडी पुन्हा घाटात आणायची नाही."

म्हणून ही भाड्याची गाडी. चार दारांची, लांबट डिकीची, राखाडी रंगाची हायब्रिड सेडान. हायब्रिड (म्हणजे एंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी). पसंत पडली तर तसलीच एक विकत घ्यायची, असे माईच्या मनात होते.

त्या काळात सरळ रस्त्यावर गाड्या आपल्या आपण चालत. कोल्हापूर सुटल्यापासून माई मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसली होती. फक्त समोर लक्ष ठेवायचे, एवढाच नियम. कळे गाव मागे पडले तेव्हा ती म्हणालीही, "गाडी आहे की पाळणा? आवाजच नाही गं हिला." घाटात मात्र वळणे, धुके आणि वरून सुटणारे दगड यांमुळे चाक माणसाच्याच हाती असले पाहिजे, असा कायदा होता. तेव्हा गगनबावड्याला माईने परात मागे ठेवली, पदर खोचला आणि स्टिअरिंग धरले.

पहिल्याच वळणावर गाडीतला आवाज गोड सुरात बोलला होता, "कुमुदिनीबाई, आपणास एक विनंती..."

"हिला गप्प कर गं मिथू. घाटात मला कुणी मध्ये बोललेलं चालत नाही."

मिथिलाने आवाजाचे बटण बंद केले होते. त्यानंतर सगळा घाट शांततेत उतरला. शेवटच्या दोन वळणांवर तेवढा एक जळका वास आला, रबर तापल्यासारखा. माईने काच वर केली होती.

दवाखान्याच्या फाटकाशी आई उभीच होती. तिने मिथिलाला जवळ घेतले आणि मग नाक वर करून थांबली.

"माई, ब्रेकचा वास येतोय. या गाडीलाही?"

माई चाकाकडे बघू लागली.

"हे बघ, तुला वाईट वाटेल," आई हळू आवाजात म्हणाली, "पण मी इथे घाटातले अपघात रोज बघते. पुढच्या शनिवारपासून तुम्ही येऊ नका. मीच येत जाईन, महिन्यातून एकदा तरी."

"महिन्यातून?" मिथिला म्हणाली.

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. तिला आत बोलावणे आले आणि ती गेली.

माई दवाखान्यामागच्या आईच्या घराच्या पायरीवर बसली. बराच वेळ ती स्वतःच्या उजव्या पावलाकडे बघत होती.

"जुन्या गाडीला वास आला तेव्हा म्हटलं, गाडी म्हातारी झाली," ती म्हणाली. "ही तर कोरी करकरीत. मग म्हातारं कोण झालं, सांग बरं. ब्रेकवरचा अंदाज गेला असेल माझा. आता गाडीचं नावच काढायचं नाही. नवी नको आणि जुनी नको."

मिथिला ऐकता ऐकता गाडीकडे बघत होती. तिच्या डोक्यात ते दोन हिरवे कप्पे घोळत होते. वास आणि कप्पे. दोन्ही गोष्टी एकाच उतारावर चुकल्या होत्या. दोन्हींचे कारण एकच असेल तर?

फणसाच्या झाडाखाली गाडी उभी होती. मिथिला आत जाऊन बसली आणि तिने आवाजाचे बटण दाबले.

"नमस्कार. मी सत्तेचाळीस मिनिटं गप्प होते," गाडी म्हणाली.

"माहीत आहे. घाटात काय झालं?"

"घाटात मला नऊ वेळा न्यूट्रलमध्ये टाकण्यात आलं. मी नऊही वेळा पडद्यावर खूण दाखवली. बोलून सांगायची मला परवानगी नव्हती."

न्यूट्रल म्हणजे काय, हे मिथिलाला ठाऊक होते. गिअरचा दांडा मधोमध आणला की चाकांचा एंजिनाशी आणि मोटरशी काही संबंध उरत नाही. गाडी नुसती घरंगळते. आणि उतार लागला की माईचा डावा हात दांड्याकडे जातो, हेही तिने शंभरदा पाहिले होते. इतके पाहिले होते की ते दिसेनासेच झाले होते.

ती माईला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आली.

"माई, उतारावर तू न्यूट्रल का करतेस?"

"आप्पांनी शिकवलं म्हणून," माई लगेच म्हणाली. आप्पा म्हणजे मिथिलाचे आजोबा. ते जाऊन आठ वर्षे झाली होती. "आम्ही पहिली गाडी घेतली, तेव्हा पेट्रोल तुपासारखं जपून वापरायचो. घाट चढताना एंजिन तापायचं, मग मध्ये थांबून चाकामागे दगड लावायचा, झऱ्याचं पाणी आणून एंजिनाला पाजायचं. आणि उतार लागला की आप्पा म्हणायचे, कुमुद, आता गाडी आपल्या वजनाने जाते आहे, एंजिनाला कशाला फुकट खाऊ घालायचं? टाक न्यूट्रलला. मग खालपर्यंत शीळ घालत यायचे."

"कुमुदिनीबाई, यात एक अडचण आहे," गाडी म्हणाली.

"माई म्हण. कुमुदिनीबाई शाळेतले हेडमास्तर म्हणायचे." माईने तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले होते. ती पुढच्या सीटवर बसली. "सांग, काय अडचण आहे?"

"माई, आपण कोल्हापूरहून निघालो आणि मी इंधन जाळून तुम्हाला गगनबावड्यापर्यंत चढवलं. जाळलेल्या इंधनातला थोडा भाग संपला नाही. तो उंचीच्या रूपात माझ्याजवळ राहिला."

"स्थितिज ऊर्जा," माई पुटपुटली. (म्हणजे उंचीमुळे वस्तूत साठून राहिलेली ऊर्जा.) "वरच्या फळीवर ठेवलेल्या दगडासारखी."

"बरोबर. उतरताना ती उंची कमी होते आणि वेग वाढतो. आता ती गतिज ऊर्जा झाली (म्हणजे हालचालीमुळे अंगात आलेली ऊर्जा). वळणावर वेग कमी करावाच लागतो. मी न्यूट्रलमध्ये असले, तर मला धरायला ब्रेकशिवाय कुणीच नाही. ब्रेकच्या पट्ट्या चाकाच्या चकतीवर घासतात, तापतात, आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. आज तो वास आला, तो तिचाच."

मिथिला पुढे सरकली. "आणि न्यूट्रल केलं नसतं तर?"

"तर माझी मोटर उलटं काम करू लागली असती. एरवी ती वीज घेऊन चाक फिरवते. उतारावर चाक तिला फिरवतं आणि ती वीज देते. तेव्हा ती जनित्र होते (म्हणजे वीज तयार करणारं यंत्र). ती वीज बॅटरीत जाते आणि गाडीचा वेगही कमी होतो."

"ते वेग कमी होण्याचं नाही कळलं," मिथिला म्हणाली. "वीज तयार होते ते ठीक. पण त्यासाठी गाडी हळू का व्हावी?"

गाडी चुंबकांबद्दल आणि तारांच्या वेटोळ्यांबद्दल बरेच काही सांगू लागली. मिथिलाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"थांब जरा," माई गाडीला म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला होता. "मी तुझ्याएवढी होते ना मिथू, तेव्हा सायकलवरून शिकवणीला जायचे. येताना अंधार पडायचा. सायकलच्या चाकाशी एक छोटी बाटलीसारखी वस्तू असायची, डायनॅमो. ती चाकाला टेकवली की चाकाबरोबर फिरायची आणि पुढचा दिवा लागायचा. पण दिवा लागला की सायकल जड व्हायची. पाय भरून यायचे. मला वाटायचं, कुणीतरी मागून कॅरिअर धरलंय."

"मग दिव्यासाठीची ताकद..."

"माझ्या पायांतून जायची. दुसरी कुठून येणार? वीज फुकट मिळत नाही. जो ती देतो, त्याला ओढ बसते."

आईच्या कपाटात, वीज गेली तर असावा म्हणून, हाताने फिरवायचा एक दिवा होता. माईने तो आणायला लावला. मिथिलाने बटण बंद ठेवून दांडी फिरवली, तर ती भिरभिर फिरली. बटण चालू केले. दिवा लागला आणि त्याच क्षणी दांडी हाताला जड झाली. तिने चारपाच वेळा बटण चालू-बंद करून पाहिले. प्रत्येक वेळी तेच. आतून कुणीतरी दांडीला धरत होते आणि सोडत होते.

"म्हणजे हा जडपणाच ब्रेक आहे," ती सावकाश म्हणाली. "गाडीला डायनॅमोने धरायचं. मग पट्ट्या घासायला नकोत, तापायला नकोत. आणि बॅटरी भरते."

"हो. ब्रेकवर हलका पाय ठेवला, तरी आधी मोटरच मला धरते," गाडी म्हणाली. "जोरात दाबला, तेव्हा पट्ट्या मदतीला येतात. न्यूट्रलमध्ये मात्र मोटरला मला हातच लावता येत नाही, आणि पंखा, दिवे तेवढे बॅटरी खात राहतात. म्हणून आज एक कप्पा विझला."

"घाट चढताना गेलेली सगळी ऊर्जा परत मिळते का?" मिथिलाने विचारले.

"नाही. थोडी हवा कापण्यात जाते, थोडी चाकं घासण्यात, थोडी मोटर तापण्यात. उताराची निम्म्याच्या आसपास हाती लागली तरी पुष्कळ."

माईने दिव्याची दांडी एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाली, "ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी हे. आणि घाट लागला की शीळ ऐकायचे नुसती."

रविवारी सकाळी आई कामावरून सुटली तेव्हा मिथिलाने तिला सगळे सांगितले. आईने ऐकून घेतले, पण मान डोलावली नाही.

"आप्पांच्या वेळीही ते धोक्याचंच होतं, माई. न्यूट्रलमधली गाडी हातात राहत नाही."

"होतं," माई म्हणाली. "आज तू बस माझ्या मागे. वर जाऊ, चहा घेऊ आणि उतरू. नंतर तू म्हणशील तसं."

चढताना एंजिन आणि मोटर दोन्ही राबली. गगनबावड्याला पुन्हा दोनच कप्पे उरले होते. टपरीवर तिघींनी चहा घेतला, पण कुणाचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. माईने चष्मा दोनदा पुसला.

उतार सुरू झाला. माईचा डावा हात दांड्याकडे गेला आणि हवेतच थांबला. तिने तो परत स्टिअरिंगवर ठेवला. दुसऱ्या वळणावर पुन्हा गेला, पुन्हा परतला. तिसऱ्या वळणावर तो जागेवरच राहिला.

"कुणीतरी कॅरिअर धरलंय," माई हळूच म्हणाली.

तिसरा कप्पा उजळला. चौथा. मागच्या सीटवरून आई पुढे वाकून पडदा बघू लागली होती. दरीकडच्या मोठ्या वळणानंतर सहावा लागला. आठवा लागला तेव्हा अजून पुष्कळ घाट उरला होता, आणि एकाएकी एंजिन घुमायला लागले.

माई दचकली. "हे काय? मी तर एक्सलरेटरला पाय लावलेला नाही."

"बॅटरी भरली, माई," गाडी म्हणाली. "आता आणखी वीज ठेवायला जागा नाही. म्हणून मी एंजिन नुसतं फिरवते आहे, इंधन न देता. ते फिरवायला जड असतं, तेच मला धरून ठेवतं. पुढची ऊर्जा मात्र वाया जाईल."

"जाऊ दे," माई म्हणाली. "ब्रेक थंड राहू देत म्हणजे झालं."

खाली सपाटीला आल्यावर माईने गाडी कडेला घेतली. आई उतरली. एकेका चाकापाशी वाकून तिने वास घेतला. चार चाके झाल्यावर पहिल्यापाशी परत गेली. माई काच खाली करून समोर बघत बसली होती, निकालाच्या दिवशी मुले बसतात तशी.

"वृषाली, खरं सांग हं. माझी समजूत घालू नकोस."

"वास नाही," आई म्हणाली. "काहीच नाही. आणि वळणं तू माझ्यापेक्षा छान घेतेस."

"मग अशीच एक गाडी घेऊ?"

"घे. पण तिला बोलू द्यायचं, माई. ही माझी अट."

"बोलू दे. तिला शीळ येते का, विचारते."

तेवढ्यात भरलेला एक ट्रक घाट उतरून त्यांच्या शेजारून गेला. त्याच्या चाकांमधून धूर निघत होता. त्याच्यामागे दुसरा आला, मग तिसरा. मिथिला त्यांच्याकडे बघत राहिली. केवढी उंची, केवढे वजन, आणि सगळे नुसतेच तापून हवेत जाते आहे. त्या ट्रकांनाही अशी मोटर बसवली, आणि इथे पायथ्याशी ते भरलेली बॅटरी उतरवून रिकामी घेऊन पुढे गेले, तर दवाखान्यातले किती दिवे लागतील? दिवसाला किती ट्रक उतरतात? कुणी मोजले असतील का?

"माई, एक ट्रक किती टनांचा असतो?" तिने विचारले.

"वही काढ," माई म्हणाली. "घरी पोचेपर्यंत हिशेब करू."

आई मात्र फोनवर बोलत होती. "सिस्टर, काल संध्याकाळी मी शनिवारची दुपार ड्यूटीला घेतली होती ना, ती दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे घरची माणसं यायची आहेत."