शेवटच्या रांगेतले गुडघे

खुर्ची जरा भिंतीपासून पुढे ओढून घ्या. हो, अशी. पाठ मोकळी राहू द्या. आता सांगते.

त्या दुपारी मी नुसती बसायला गेले होते. माझी नोकरीच बसायची आहे. माणसाचं शरीर आणि त्याच्या बैठका, असल्या विषयात मी पदवी घेतली तेव्हा बाबा म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी बसून खाणार म्हण की." त्यांचं बोलणं खरं झालं. आमच्या हँगरमध्ये जुनी विमानं येतात. आतल्या जाडजूड सीटा उपटून काढायच्या आणि नव्या पातळ सीटा ठोकायच्या. सीट पातळ झाली की रांगा वाढतात. ही सगळी जवळच्या पल्ल्याची विमानं. चढलं, घोटभर पाणी प्यायलं, उतरलं. आमचे फोरमन म्हणतात, "तेवढ्या वेळात कुणाची पाठ मोडत नाही."

काम संपलं की कुणीतरी नव्या सीटवर पट्टा बांधून, खिडक्यांच्या झडपा पाडून, एका उड्डाणाइतका वेळ बसायचं आणि कुठे रुततं, कुठे मुंग्या येतात ते सांगायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी भित्री आहे, दारावरची घंटा वाजली तरी दचकते. हँगरमध्ये मला 'ससुली' म्हणतात. पण फोरमननी मला घेतलं तेच त्यासाठी. म्हणाले, "जिला चादरीची सुरकुती टोचते, तिला आमची सीट टोचली तर कळेलच की."

या बसण्यात मला एक जोडीदार असतो. लांबलचक पायांचा, मान वाकवून चालणारा मेकॅनिक. त्याला सगळे 'उंट' म्हणतात आणि तो त्या नावाला ओ देतो. त्याने माझ्या मागच्या सीटवर बसायचं आणि माझ्या पाठीत गुडघे रोवायचे. पातळ सीटची खरी परीक्षा तीच, मागच्याचे गुडघे पुढच्याला किती लागतात. त्यासाठी आमचे दोनच शब्द ठरलेले. मी 'जोरात' म्हटलं की त्याने आणखी रेटायचं. मी 'पुरे' म्हटलं की थांबायचं. बाकी कशालाही थांबायचं नाही. 'आई गं'ला नाही, 'मेले'ला तर नाहीच, कारण ते मी दर वेळी म्हणते.

आता माझ्या ताईचं सांगायला हवं. तिला सातवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणासाठी आमच्याकडे यायची होती. ते याच विमानाने, नव्या सीटा बसल्यानंतरच्या पहिल्याच फेरीला. कंबर भरून येते म्हणून ती रोज फोनवर रडकुंडीला यायची. म्हणून मीच तिला शेवटच्या रांगेतली जागा घ्यायला लावली होती. शेवटच्या रांगेमागे भिंत असते. मागे माणूस नाही, म्हणजे पाठीत गुडघे नाहीत.

"बघ, बहीण या धंद्यात असल्याचा काहीतरी उपयोग," मी म्हटलं होतं.

तर त्या दुपारी मधल्या रांगांचं बसणं आटोपलं. माणसं जेवायला गेली. मला वाटलं, ताईची जागाही बघून घ्यावी. उंट पुढच्या दारात डबा उघडून बसला.

"तिकडे काय बघायचंय? मागे भिंत आहे, मला काही काम नाही," तो म्हणाला.

"तू जेव. मी जरा बसते."

"घाबरलीस तर हाक मार. नाहीतरी मारशीलच."

मी मागे गेले. झडपा पाडलेल्या, वीज तोडलेली. बाहेर लख्ख दुपार होती आणि आत संध्याकाळ होऊन गेल्यासारखं. नव्या कापडाचा आणि गोंदाचा वास कोंडला होता. सीटा ज्यात बसवतात तो जमिनीतला रूळ शेवटच्या रांगेशी संपायला हवा. इथे तो भिंतीच्या खालून पुढे गेला होता. एवढं मी पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं. बसले. पट्टा बांधला. डोळे मिटले.

सीट छान होती हो. खोटं कशाला सांगू. ताई इथे सुखाने बसेल, असं मनात आलं.

मग वास बदलला. गोंदाच्या वासाखालून दुसरा एक वास वर आला. खूप लोक खूप वेळ एका जागी दाटीवाटीने घाबरून बसले, की कपड्यांना येतो तसला. आणि माझ्या पाठीला दोन गुडघे लागले.

हळूच. शेजारी शेजारी. खांद्याच्या हाडांच्या जरा खाली.

इथे माझी चूक झाली. आमच्या हँगरबाहेरच्या कुणाच्याही हातून झाली नसती अशी. सकाळपासून मी तेच करत होते. डोळे मिटलेले, अंग सैल, पाठीत गुडघे. तोंडाला सवय. मी म्हणाले, "जोरात."

गुडघे रुतले.

"अजून जोरात."

आणखी रुतले. आता सीटच्या पाठीतली सळई मणक्याला लागत होती. मी मनात म्हणत होते, फोम कमी पडतोय, फोरमनना सांगायला हवं. तेवढ्यात पुढून, अगदी दाराजवळून, डब्याचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला. आणि उंट स्वतःशीच पुटपुटला, "गेली चटणी."

मी डोळे उघडले.

"उंटा..."

"हं?"

"तू... कुठेयस?"

"इथे. दारात. का गं?"

पहिली लाथ बसली ती तेव्हा.

लाथ म्हणजे काय, मी आधी कधी खाल्ली नव्हती. पुढच्या सीटवर माझं तोंड आदळलं, ओठ फाटला, दात जिभेत घुसला. सावरते तोवर दुसरी. मग तिसरी. एकेक थांबून नाही, दार फोडावं तशा, पिसाटासारख्या. बरगडीत काहीतरी कट् झालं आणि श्वास अर्ध्यावर अडकला. मी पट्ट्याचं कुलूप चाचपलं. पट्टा कमरेवर नव्हता. तो वर सरकला होता, छातीवर, आणि आणखी वर येत होता, जणू मागून कुणी दोन्ही टोकं मुठीला गुंडाळून खेचत होतं. गळ्याशी आला तेव्हा मला त्या हातांचा कढतपणा कानामागे जाणवला.

उंट धावत आला. अंधारात त्याने मला पाहिलं. मग त्याने दोन्ही हातांनी सीट पुढे ओढायला घेतली. जोर लागावा म्हणून एक गुडघा मागच्या भिंतीला टेकवला.

भिंतीतून त्याच्या गुडघ्यावर घाव बसला.

तो आवाज मी विसरू शकत नाही. ओलं लाकूड पिळून तोडल्यासारखा. गुडघ्याची वाटी जागेवरून फिरून बाजूला गेली. तो मार्गिकेत कोसळला, पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि तशा ओरडण्यातही त्याला सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

"ससुले... म्हण! म्हण ना, पुरे म्हण!"

माझ्या गळ्यात हवाच नव्हती. जीव मुठीत धरतात म्हणतात, मी तो दाताखाली धरला आणि रक्ताच्या गुळणीबरोबर तो शब्द बाहेर टाकला.

"...पुरे."

थांबलं. तिथल्या तिथे. एकही जास्तीची लाथ नाही. चांगला कामगार थांबतो तसं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. उंटाचं ऑपरेशन झालं. तो आता काठी घेऊन चालतो आणि म्हणतो, उंटाचा बगळा झाला. माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पाठीवर दोन गोल काळेनिळे डाग, बशीएवढाले. फोरमन म्हणाले, सीटची कळ निसटली असेल. मग त्यांनी भिंतीचा पत्रा स्वतः उघडला. आत एका रांगेपुरती पोकळी. धूळ. रुळाचा उरलेला तुकडा. आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला दोन गोल खळगे, शेजारी शेजारी. बाहेरची बाजू गुळगुळीत, साधा पोचाही नाही. फोरमन बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांनी नवा पत्रा लावला आणि त्या दिवसापासून पाठीबद्दलचं आपलं ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

आमच्याकडे सीटची कव्हरं शिवणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना शिवणकाकू म्हणतो. त्या दवाखान्यात आल्या, संत्रं सोलत बसल्या आणि सोललेलं कुणाला द्यायचं विसरल्या.

"तिथे आधी आणखी एक रांग होती," त्या म्हणाल्या. "त्यात एक उंच माणूस बसला होता. पुढच्याने सीट मागे पाडली, याचे गुडघे चेपले. हा म्हणाला, जरा सरळ करा. तो म्हणाला, एवढासा प्रवास, सोसा की. मग याने लाथा घातल्या. पुढच्याच्या बरगड्या आत घुसेपर्यंत घातल्या. लोकांनी याला सीटवर दाबून धरलं, अंगावर बसले. विमान उतरलं तेव्हा दोघंही संपले होते."

"तुम्हाला कसं माहीत, काकू?"

"कव्हरं माझ्याकडे आली ना शिवायला." त्यांनी संत्र्याची साल बारीक बारीक तोडली. "मग ती रांग काढली आणि भिंत पुढे आणली. इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, पोरी. तो नुसता होता तिथे. तू त्याला काम दिलंस."

मी ताईला फोन केला. "ते विमान सोड," मी म्हणाले. ती हसली. "तुला लहानपणी कपाटातही कुणीतरी दिसायचं." मी रडले तेव्हा मात्र म्हणाली, "बरं बाई, पुढची जागा घेते. झालं समाधान?"

तिने खरंच पुढची जागा घेतली होती. ती आली, दारातच मला मिठी मारायला गेली, माझ्या बरगड्या आठवून थांबली. चेहरा टवटवीत. आईने तिला आतल्या खोलीत नेऊन पलंगावर भिंतीला टेकवून बसवलं, मागे उशी दिली.

"काय गं, प्रवास कसा झाला?" मी विचारलं.

"अगं, मस्त. एका बाईंना लेकराजवळ बसायचं होतं, त्यांना माझी जागा दिली आणि मी शेवटी जाऊन बसले. रागावू नकोस. तुझ्या त्या सीटा फार चांगल्या आहेत. फक्त बाळ वाटभर हललं नाही. अजूनही गप्पच आहे, म्हणून जरा धाकधूक वाटते."

"मागे..." मी पलंगाजवळ सरकले. "मागे कुणी होतं?"

"होता ना एक. गुडघे लागत होते. आधी राग आला, पण नेमके कमरेच्या दुखऱ्या जागी लागत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मीच म्हटलं, जरा जोरात चालेल."

"ताई, शेवटच्या रांगेमागे भिंत असते."

"मग गुडघे काय भिंतीला होते?" ती हसली. आणि हसता हसता कंबर मागे रेटून, डोळे मिटून म्हणाली, "आत्ताही तसंच वाटतंय बघ. ही उशी छान आहे."

मी उशी ओढून काढली. तिच्या पाठीमागे, आमच्या घराच्या भिंतीवर, रंगाला दोन गोल फुगवटे आले होते. चुन्याची भुकटी चादरीवर पडत होती. थोडी. मग आणखी थोडी.

"ताई, पुरे म्हण. एकदाच म्हण. मी तुझ्या पाया पडते."

"वेडी आहेस का..."

"म्हण गं..."

माझा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. समजूत काढावी तशी ती म्हणाली, "बरं. पुरे."

भुकटी पडायची थांबली. मी वाट पाहिली. भिंत नुसती भिंत होती. मी तिच्या पायांशी मटकन बसले आणि मनसोक्त रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. खिडकीतून ऊन येत होतं, आई स्वयंपाकघरात काहीतरी विचारत होती.

मग तिचा हात थांबला.

"अगं," ती कुजबुजली, "हललं..."

तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. कापडाखाली काहीतरी सरकलं, वळलं, आणि आतून वर रेटलं गेलं. एक नाही. दोन. गोल, कठीण, शेजारी शेजारी.

मी हात मागे ओढला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं. ती पोटावर वाकली आणि मायेने म्हणाली,

"अजून एकदा, राजा... जोरात."