शून्य नसलेला पडसाद

संघ-न्यायालयाच्या तळघरात पडसादमापक बसवला होता. डॉ. हेमांगी पोतनीस यांनीच तो बनवलेला. देशातली प्रत्येक खरेदी-विक्री त्याच्या पोटात जाई. वेंगुर्ल्यात कोणी एक नारळ कमी घेतला, तर परराज्यांच्या बाजारात किती फरक पडेल, ते हा पठ्ठ्या आकड्यात सांगे.

कायदा साधा होता. राज्यातला व्यापार राज्याचा, राज्याराज्यांमधला संघाचा, म्हणजे केंद्राचा. मागे एका खटल्यात न्यायमूर्ती गुर्जरांनी हेमांगींना विचारलं होतं, “ज्याचा पडसाद शून्य आहे, असा एक तरी व्यवहार सापडेल?”

“नाही, माय लॉर्ड.”

शास्त्र म्हणून ते खरंच होतं. झालं! गुर्जरांनी निकाल दिला : ज्याचा पडसाद शून्य नाही, ते सगळं संघाच्या अखत्यारीत, व्यापार आयोगाच्या परवानगीनेच करायचं. शेजारणीला कढीपत्त्याची काडी द्यायचीही सोय उरली नाही.

आता त्याच गुर्जरांसमोर वेंगुर्ल्याची सुलभा तारी उभी होती. तिच्या लेकीला, गार्गीला, मधुमेह. कारखान्यातलं इन्सुलिन टोचलं की पोरीचा घसा सुजून श्वास कोंडायचा. तिला सोसणारं इन्सुलिन तयार करणारं यीस्ट घरच्या जीवपात्रात, म्हणजे यीस्ट वाढवायच्या यंत्रात, वाढे. सुलभाने ते आळीत वाटून ठेवलं होतं, दह्याच्या विरजणासारखं. आपलं बिघडलं की शेजारणीकडून वाटीभर परत आणायचं. पण त्यामुळे आळीतल्या मधुमेही शेजाऱ्यांनीही कारखान्याचं औषध घेणं सोडलं, आणि आयोगाने प्रत्येक पात्राला कुलूप ठोकलं. आता डोस पात्राच्या सुईतून थेट त्या घरच्याच माणसाच्या दंडात जाई, विरजण बाहेर निघत नसे. कुलूप फोडलं तर यीस्ट मरे. आणि परवा सुलभाच्या पात्रातलं विरजण नासलं.

“विरजण मागूक कोण कोर्टात येता, सायबा?” सुलभा रडतच म्हणाली. “शेजारच्या मंदावैनीकडे आसा. वाटीभर देऊक सांगा. पोर हॉस्पिटलात तडफडता.”

गुर्जर कळवळले. “तात्पुरता आदेश देतो. मंदाबाईंचं कुलूप आत्ता उघडा.”

आयोगाचे वकील सबनीस उठले. “माय लॉर्ड, आधी या आदेशाचा पडसाद मोजावा, एवढीच विनंती.”

“माझ्या आदेशाचा?”

“शून्य नसलेलं सगळं, असं आपणच म्हणालात. न्यायालयाचे आदेश त्यातून वगळलेले नाहीत.”

पडसाद मोजायला कोर्टात हजर असलेल्या हेमांगींना खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून. पण आकडा भिंतीवरच्या पडद्यावर उमटला होता. दशांशचिन्ह, मग शून्यांची रांग, आणि शेवटी एक.

“अहो, हा किती क्षुल्लक आहे बघा तरी!” त्या ओरडल्या.

“किती, हे निकालात विचारलेलंच नाही, मॅडम. आहे की नाही, एवढंच विचारलंय.”

“मग तो निकालच मी फिरवतो!” गुर्जर गरजले.

“त्याचा पडसाद तर प्रचंड असेल, माय लॉर्ड. त्यालाही परवानगी लागेल.”

गुर्जरांनी आपला निकाल पुन्हा वाचून काढला. त्यात कुठेही फट नव्हती. त्यांनी तो फार काळजीपूर्वक लिहिला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, आयोगाकडे अर्ज करा,” ते म्हणाले. सुलभाकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

परवानगी आली तेव्हा गार्गीचं बारावं होऊन गेलं होतं. मंदावहिनींच्या पात्राचं कुलूप आपोआप उघडलं. आत विरजण छान फसफसत होतं. सवयीने त्यांनी वाटी भरली, पदराखाली झाकून घेतली आणि सुलभाच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथे मात्र त्या वाटी मांडीवर घेऊन खाली बसल्या.