दुर्वाच्या अंगणातली वाट

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. जे घडलं तेच लिहिते आहे, आणि ते अजून संपलेलं नाही.

मी अनसूया. जबलपूरला घमापुरात मुलाकडे, शशिकांतकडे राहते. त्याची मुलगी दुर्वा लग्नानंतर वेल्समध्ये गेली. नातजावई गौरांग तिथे डॉक्टर आहे. डोंगरांमधल्या खोऱ्यातलं त्यांचं गाव मला फोनवर बघून बघून पाठ झालंय. दगडी बांध, मेंढ्या, खाली नदी, नदीकाठी चर्च आणि दफनभूमी.

शहपुऱ्याजवळच्या माझ्या माहेराची आठवण येते. तिथेही वरच्या वस्तीतला माणूस गेला की नर्मदेपर्यंत खांद्यावरून आणायचे. ठरलेल्या वाटेनेच.

दुर्वाच्या अंगणातून तशीच वाट जाते. शेजारच्या म्हाताऱ्या नेस्ताबाईंनी तिला ते सांगितलं होतं. वरच्या शेतघरांतली प्रेतं पूर्वी याच वाटेने चर्चकडे न्यायचे. आणि कुणी जाणार असलं, की आधी त्या वाटेने एक दिवा जातो म्हणे.

एकटाच.

"आजी, तुझ्यासारख्याच आहेत त्या. भुतांचा पूरा स्टॉक आहे," दुर्वा हसली होती.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. इथे जेवणं झाली होती, तिथे दिवेलागणीची वेळ. दुर्वाला सातवा महिना. फोन समोरच्या फळीवर टेकवून ती खिडकीशी भाजी चिरत होती. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

मग त्यांचा आवाज एकदम थांबला…

"आजी, वरून कोणी कंदील घेऊन येऊन राहिलंय."

मलाही दिसला. लहानसा, निळसर. धरणारा हात मात्र कुठे नव्हता…

दिवा दिसला, म्हणून दुर्वाने हात जोडले. लहानपणापासूनची सवय. इकडे माझेही हात जुळले होते.

फाटकापुढून जाणारा तो दिवा थांबला.

मग वळला…

"दार लाव, दुर्वा."

"बंदच आहे. काहून, काय झालं?"

काचेवर क्षणभर निळा उजेड पडला आणि विझला. "बघ, गेला," म्हणत ती माझ्याकडे वळली.

गेला नव्हता. काचेच्या आतल्या बाजूला, तिच्या मागे होता. बरोबर पोटाच्या उंचीवर…

मी सांगत होते, ती वळून बघत होती. तिला काही दिसेना. शशिकांतने माझ्या हातून फोन घेतला. "कुठं काय आहे, आई? तू पण ना. चल, झोप जा."

दुसऱ्या दिवशी दुर्वाने नेस्ताबाईंना सांगितलं. बाईंनी आधी रंग विचारला, मग आकार. शेवटी म्हणाल्या, "त्याला वाट द्यायची असते. तोंड फिरवायचं असतं. तू हात जोडलेस?"

लहान निळा दिवा कुणाचा असतो, ते त्यांनी गौरांगला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने हसत हसत शशिकांतला सांगितलं.

लेकराचा.

मी किती विनवलं, ते घर सोडा. गौरांग म्हणाला, "आजी, मी डॉक्टर आहे जी. असं काही नसतं." इकडे आणावं, तर या दिवसांत विमानात कोण बसू देणार?

रोज दुर्वाचा फोन येई. रोज तो दिवा तिच्या मागे असे. ती डिंकाच्या लाडवांचं विचारी, मी सांगत राही. नजर मात्र त्या उजेडावरून हलत नसे.

आज जेवणं झाल्यावर फोन आला… आणि तिच्या मागे काहीच नव्हतं.

मी देवाचे आभार मानले.

"आज बाळ सकाळपासून एकदम चुप आहे, आजी," दुर्वा म्हणाली. "झोपून राहिलं असेल."

तेव्हा मला खिडकी दिसली. दिवा बाहेर होता. उताराने हळूहळू खाली, चर्चकडे चालला होता…

"दवाखान्यात जा, दुर्वा. आत्ता."

"बर्फाने रस्ता बंद आहे ना. गौरांग पण तिकडेच अडकलाय. तो आला की जाऊ. टेन्शन मत लो."

तिने फोन ठेवला. तेव्हापासून मी लावतेच आहे.

शशिकांत म्हणतो, नेटवर्क नसेल.

पण तिचा फोन वाजतो आहे… वाजून वाजून बंद होतो.