जेवली काय?

सर्व्हर बदलणं म्हणजे भाड्याची खोली बदलणं. कामाचं सामान न्यायचं, बाकीचं तिथंच टाकायचं. पण सिंदी मेघेच्या भाजीपाला संस्थेत उज्वलाकाकूंनी सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं.

"रत्नदीप, तो निरोपाचा प्रोग्राम बी नेजो."

"काकू, लय जुना आहे तो. नव्यावर चालत नाई."

या टेबलावरून त्या टेबलावर निरोप पाठवायचा तो प्रोग्राम. वापरायचे दोघंच, काकू आणि समोर बसणारे त्यांचे यजमान, प्रेमदासजी. ते मागच्या वर्षी वारले. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. तेव्हापासून ऑफिसात काकू एकट्या, घरीही एकट्या.

"घरी भिंतीशी बोला लागते," त्या म्हणाल्या. मला कसंसंच झालं. पिपरीतल्या माझ्या खोलीतही दुसरं कोणी नाही.

काकूंनी डबा उघडला आणि त्यांच्या स्क्रीनवर चौकट उमटली.

*प्रेमदास: जेवली काय?*

"रोजचं आहे," काकू शांतपणे म्हणाल्या.

"काही नाई हो, त्यांनी वेळ लावून ठेवली असंल. आपोआप जाते."

मी सर्व्हर उलटापालटा करून पाहिला. वेळ कुठंच लावलेली नव्हती. निरोप समोरच्या टेबलावरून निघत होता, आणि त्या टेबलाची वायर मी स्वतः सकाळी कापली होती.

काकूंनी टाइप केलं, *वांग्याची भाजी आहे.*

*मीठ कमी आहे.*

काकूंनी डबा माझ्याकडे सरकवला. मी घास घेतला.

मीठ कमी होतं.

"बंद करतो मी आता!" माझा आवाज चढला. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

"काऊन घाई करून राह्यला? त्याइचा निरोप तं घेऊ दे."

घरातून निघताना कोणीही म्हणतं, तेवढंच त्यांनी लिहिलं.

*येते.*

लगेच उत्तर आलं.

*ये. वाट पाहून राह्यलो.*

मी सर्व्हरची वायर उपटली. पंखा घरघरत थांबला.

काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या लाजून हसत होत्या. त्यांनी कपाटाची चावी कमरेची काढून माझ्यापुढे ठेवली आणि चपला घातल्या.

"काकू, उद्या या बरं. नवा पासवर्ड द्याचा आहे."

दारात थांबून त्यांनी पदर सारखा केला.

"जाते रे बाबू," त्या म्हणाल्या.