फॉरमॅट मारल्यावर

मी जन्मभर पोरांना शिकवलं, की खरं तेवढंच सांगावं. म्हणून इथं एकही ओळ वाढवून लिहिलेली नाही.

आमचं गाव ईट, तालुका भूम. गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची.

आणि हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. दुकानाचं शटर उघडं होतं, समोर रस्त्यावर माणसं होती.

दुकान माझ्या भाच्याचं, शिवशंकरचं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, झेरॉक्स. निवृत्त झाल्यापासून मी तिथंच मागच्या खोलीत गल्लीतल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवते.

समोरचा मोठा कॉम्प्युटर दैवशालाचा. शिवशंकरची पहिली बायको. पत्रिका, बॅनर, सगळं तीच बनवायची. टाईप करताना तिच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागायच्या.

टक... टक.

मागच्या खोलीत बसूनही कळायचं, ती कामाला बसली म्हणून.

ती काविळीत गेली. पण मशीन चालू केलं की पडद्यावर तिचंच नाव यायचं आणि तिचा हसरा फोटो. शिवशंकर रोज सकाळी त्यापुढं जरा वेळ थांबायचा.

मग अयोध्या आली. दुसरी बायको.

आमच्यात रीत आहे. पहिली गेलेली असेल तर तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. आधीचीचा मान राखला, की ती जळत नाही म्हणतात.

अयोध्यानं तो हातातही घेतला नाही.

"आत्या, सवतीला गळ्यात बांधून मी संसार करू व्हय?"

मी आग्रह धरला नाही. टाक देवघरात ठेवून दिला.

तिला टाकापेक्षा तो पडदा जास्त सलायचा. ह्यांना सकाळी आधी तिचं तोंड दिसतं, मग माझं, असं ती मला म्हणाली होती.

दिवाळीनंतर मशीनवर सूचना यायला लागली. जुन्या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत, नवीन घ्या. पोरांनी विचारलं, नवीन कसं घ्यायचं? मी त्यांना समजावलं. घरातली माणसं, भांडीकुंडी जागच्या जागी ठेवून रंग दिला, तर ते अपग्रेड. घर पार रिकामं करून, धुऊन, नव्यानं राहायला गेलं, तर तो फॉरमॅट.

अयोध्या दारात उभी राहून ऐकत होती.

"मग फॉरमॅटच मारा," ती म्हणाली.

शिवशंकरला अपग्रेड हवं होतं. बरेच दिवस दोघं धड बोलले नाहीत. शेवटी अयोध्या माहेरी जायची पिशवी भरून बसली. "एक तर ती राहील, न्हाय तर मी," म्हणाली. दैवशालाचे फोटो निदान पेनड्राइव्हवर काढून ठेवू, असं मी सुचवलं.

"म्हंजे खिशात घेऊन फिरायला मोकळे," अयोध्या म्हणाली.

शिवशंकरनं मान खाली घातली.

शेवटचं बटण तिनं स्वतः दाबलं. सगळं पुसलं गेलं. मशीननं नाव विचारलं तेव्हा तिनं एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाईप केलं. अयोध्या. वर स्वतःचा लग्नातला फोटो लावला. शिवशंकरचं आणि माझ्या वर्गाचं नावही घातलं. मग माझ्या पोरांना पेढे वाटले. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं.

शिवशंकरचं नाव होतं. माझ्या वर्गाचं होतं. आदल्या संध्याकाळी पोरांनी काढलेली चित्रंही होती.

अयोध्याचं नाव... नव्हतं.

तिनं परत घातलं. सकाळी परत गेलेलं. भूमहून मेकॅनिक आला, तासभर बसला, मशीनमध्ये काही दोष नाही म्हणाला.

मग तिच्या मोबाईलमधले लग्नाचे फोटो गेले.

मग मी दुकानाच्या भिंतीवरच्या त्यांच्या लग्नाच्या फोटोकडं बघितलं. काच शाबूत. चौकट शाबूत. शिवशंकर हार घालून उभा. आणि शेजारी...

नुसता मंडपाचा पडदा.

मी पोरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, परवा पेढे कुणी दिले रे?

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. "बाई, तुम्हीच दिले की."

त्याच दुपारी अयोध्या शिवशंकरला जेवायला बोलवायला दुकानात आली. मी तिथंच होते. त्यानं कामातून मान वर केली. तिच्याकडं बघितलं. गिऱ्हाइकाकडं बघतात तसं.

"ताई, झेरॉक्स काढायची का?"

तिचा चेहरा मला अजून दिसतो.

ती दुकानाला लागून असलेल्या घरात गेली. देवघराचं दार वाजलं.

बाहेर आली तेव्हा टाक तिच्या गळ्यात होता.

शिवशंकरनं डोळे चोळले. "अगं, उभी काय? चल, भूक लागलीय."

त्या दिवसापासून तिचं नाव मशीनवर टिकलं. फोटोत ती परत दिसायला लागली. पोरांना पेढे आठवले. शिवशंकरला मात्र त्या दुपारचं काहीच आठवत नाही. मी दोनदा विचारून बघितलं, तो हसला.

इथं गोष्ट संपली असती, तर मी लिहायला बसलेच नसते.

काल मी मागच्या खोलीत पोरांना शिकवत होते. समोर अयोध्या एक बॅनर बनवत होती. एका बोटानं अक्षर शोधणारी अयोध्या.

दहाही बोटं चालत होती. भराभर.

आणि मधूनच...

टक... टक.

मी हाक मारली, "अयोध्या."

तिनं मान वळवली नाही. मी पुन्हा मारली. पोरंसुद्धा लिहायची थांबली. ती टाईप करत राहिली.

आणखी एक नाव माझ्या ओठावर आलं होतं.

मी ते घेतलं नाही. त्या नावाला तिनं ओ दिली असती, तर मी काय केलं असतं?