कीबोर्डवरची फुंकर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी. जिच्या बाबतीत घडली, तिला ती अजून सोडत नाही.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती. खिडकीतलं ऊन थेट टेबलावर आलं होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत वहिनी एकटी होती.

निदान तिला तसं वाटत होतं...

दीर वहिनी म्हणायचा, म्हणून शेजारीपाजारीही तिला वहिनीच म्हणायचे. काम घरबसल्याचं. लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी हेडफोनवर ऐकायची आणि कॉम्प्युटरवर शब्द न् शब्द टाइप करायचा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग, बोटांत चिमटा, ओठांवर फुंकर. चक्रांत अडकलेला कण तो फुंकरीनेच काढायचा. बारीक, लांब, उबदार.

फू...

रोज सकाळी दुकानात जाताना तशीच एक फुंकर तो तिच्या कीबोर्डवर मारायचा. "घे, तुझंही घड्याळ साफ केलं," म्हणायचा.

माया म्हणतात ती हीच, असं तिला वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. झोपेतच गेला. कुणाला त्रास नाही, कुणाला हाक नाही.

काही महिन्यांनी एका दूरच्या शहरातल्या संस्थेकडून वहिनीला बोलावणं आलं. जुन्या माणसांची बोलणी जपून ठेवणारी संस्था. तिथलं टायपिंगचं सगळं काम तिने सांभाळायचं, राहायला खोली मिळणार. वहिनीने त्याच दिवशी ईमेल केला, 'येते.'

आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला. "तुम्ही काहीच कळवलं नाहीत?"

"कळवलं की हो."

"आमच्याकडे काही नाही आलं."

वहिनीने पाठवलेल्या ईमेलांत शोधलं. तिथे तो नव्हता. पुन्हा लिहिलं, पुन्हा पाठवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर... तोही गायब.

"लेखी होकार लागतो. सोमवारपर्यंत वाट बघते," बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल."

वहिनीने मैत्रिणीला फोन लावला.

"व्हायरस आहे, दुसरं काय," मैत्रीण म्हणाली. "तो फुकटचा अँटिव्हायरस काढ आधी. चांगला विकतचा घाल."

"ह्यांनी बसवलाय गं तो. पुरेसा आहे म्हणायचे."

"अगं, ते घड्याळवाले होते. उद्या मी तुला घड्याळ उघडून देऊ का?"

वहिनीला हसू आलं. तरी तिने दिराला विचारलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मशीन त्यानेच आणून दिलं होतं.

"विकतचा कशाला, वहिनी?" दीर घाईने म्हणाला. "दोन्ही सारखेच. विकतचा नुसता चकचकीत दिसतो. दादाने घातलाय तोच राहू द्या. त्याला हात लावू नका."

शेवटचं वाक्य त्याने जरा जोरात म्हटलं...

तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही.

रविवारी जेवण झाल्यावर ती टेबलाशी बसली. फुकटचा अँटिव्हायरस कोपऱ्यात हिरवी खूण दाखवत होता. 'तुम्ही सुरक्षित आहात.' तो काढायला तिचा हात धजेना. नवऱ्याने घालून दिलेलं ते. भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवल्यासारखं वाटत होतं. पण उद्या सोमवार होता.

तिने काढून टाकला.

सवयीने हेडफोन कानांवर होते. आवाज काहीच लावलेला नव्हता. तरी त्या शांततेत...

फू...

अगदी हळू. अगदी ओळखीची.

तिने हेडफोन काढले. खोली रिकामी. खाली गाडी धुणाऱ्याची बादली वाजली, तेवढंच.

भास असेल. तिने विकतचा अँटिव्हायरस घेतला आणि तपासणी सुरू केली. पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहिली. मग लाल झाली.

एक चोरटा प्रोग्राम सापडला होता. ह्या कीबोर्डवर उमटणारं प्रत्येक अक्षर दुसऱ्या एका मशीनला कळवणारा. दुसरीकडे बसून तिचे ईमेल उडवता येतील असा. आणि तो कालपरवाचा नव्हता. मशीन घरात आलं, त्याच दिवशी कुणीतरी घातलेला.

वहिनीने तो पुसला. मग दिराला बोलावून घेतलं.

हातातली हत्यारांची पिशवीही खाली न ठेवता तो दारात उभा राहिला. पडद्यावर राहिलेलं त्या प्रोग्रामचं नाव त्याने वाचलं, आणि मान खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?"

"मीच घातला होता. दादाने सांगितलं म्हणून."

"आणि तो फुकटचा अँटिव्हायरस? त्याला इतकी वर्षं दिसलं नाही हे?"

"तो वाईट नव्हता, वहिनी. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, ह्या एकाकडे बघायचं नाही म्हणून. विकतचाही गप्प बसला असता तसं सांगितलं तर. पण नवीन काही आणलं की ते सगळं पहिल्यापासून तपासतं. म्हणून दादा नको म्हणायचा."

वहिनीचा हात कीबोर्डवर होता. तो तिने उचलून मांडीवर घेतला.

"कशासाठी पण?"

"तुम्ही जाल म्हणून. त्याला सारखं वाटायचं, ही इतकी शिकलेली, ही एक दिवस जाणार. दुकानात बसून तुमचं सगळं वाचायचा." दीर थांबला. "लग्नानंतर तुम्ही एका नोकरीसाठी लिहिलं होतं ना... उत्तर आलं होतं. त्यांनी बोलावलं होतं तुम्हाला."

ते उत्तर आलं नाही म्हणून वहिनी तेव्हा रडली होती. आपल्यातच काही कमी असेल, असं तिने मनाला समजावलं होतं. आणि तिचे डोळे पुसणारा, "असू दे गं, मी आहे ना," म्हणणारा...

तोच होता.



"मग हे आत्ताचे ईमेल तुम्ही उडवलेत?" तिने विचारलं.

"शपथ, नाही. दादाचं दुकानातलं मशीन मी कधीच मोडीत काढलंय. ते नाही, तर दुसऱ्या कुणाला इथलं दिसणारच नाही."

"मग कोण उडवतंय?"

दीर नुसता टेबलाकडे बघत राहिला.

वहिनीने त्याच्यादेखत ईमेल लिहायला घेतला. प्रोग्राम गेला होता. अँटिव्हायरस म्हणत होता, 'धोका नाही.' तिने लिहिलं, 'मी येते. नक्की येते.' आणि हात मागे घेतले.

शेवटचा 'ते' गेला.

मग 'ये'...

एकेक अक्षर मागून पुसलं जात होतं. सावकाश. कुणीतरी चिमट्याने एकेक काटा उचलून बाजूला ठेवावा तसं. तिचे हात मांडीवर होते, आणि कीबोर्डवरचं एक बटण आपोआप खाली जात होतं, वर येत होतं. दिराने ते पाहिलं. त्याच्या हातातून पिशवी सुटली.

वहिनीच्या मानेवर ऊब आली.

फू...

ती वळली नाही. ओरडली नाही. रिकाम्या होत चाललेल्या पडद्याकडे बघत हलकेच म्हणाली, "अहो, एकदा विचारलं असतंत ना मला... तर मी थांबलेही असते."

बटण थांबलं.

क्षणभरच.

मग उरलेली अक्षरंही गेली.

दीर जिना उतरला तो पिशवी न्यायलासुद्धा परत आला नाही. वहिनी शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांच्या फोनवरून संस्थेतल्या बाईंना म्हणाली, "मी येते. लेखी तिथे येऊनच देते." तोंडाने बोललेलं कुणाला पुसता आलं नाही.

ते मशीन तिने तिथेच सोडलं. आता दूरच्या शहरात तिची स्वतःची खोली आहे, नवा कॉम्प्युटर आहे, विकतचा अँटिव्हायरस आहे. त्याची मुदत संपायच्या आधी ती न चुकता वाढवून घेते. मैत्रीण चिडवते, "आता फुकटचं काहीच नको वाटतं तुला." वहिनी हसते. फुकटात मिळालेली माया काय होती, ते ती कुणाला सांगत नाही.

मध्यंतरी कामासाठी ती गावोगाव फिरली. खोली बरेच दिवस बंद होती. परत येऊन तिने कुलूप उघडलं. खिडकीच्या फटीतून आलेली धूळ सगळीकडे बसली होती. खुर्चीवर, उशीवर, पाण्याच्या तांब्यावर. टेबलावर तर बोटाने नाव लिहिता येईल इतकी.

कॉम्प्युटर सुरू केला. तपासणी झाली. हिरवी खूण आली. 'कोणताही धोका आढळला नाही.'

वहिनीने कीबोर्डकडे पाहिलं...

त्याच्यावर धुळीचा एक कणही नव्हता.